खाऱ्या वाऱ्यातली जुनी पिकअप: घरच्या घरी कशी सांभाळाल

जुनी पिकअप बघायला गेलो तेव्हा मी बॉनेट उघडून पंधरा मिनिटं इंजिनाचा आवाज ऐकत उभा होतो. बरोबर आलेल्या मिस्त्रींनी इंजिनाकडे बघितलंसुद्धा नाही. लुंगी वर खोचून ते थेट गाडीखाली सरकले आणि हातोडीने चेसिस, म्हणजे गाडीचा खालचा लोखंडी सांगाडा, ठोकत सुटले. टण, टण, टण, आणि मागच्या पाट्याच्या (लोखंडी पट्ट्यांच्या स्प्रिंगच्या) हँगरपाशी, तो चेसिसला टांगतात तिथे, एकदम थप्प. बाहेर येऊन म्हणाले, "इंजान मरत नाय, चेसी मरता. पंधरा हजार कमी करूक सांग."

ती २००९ ची गाडी अजून माझ्याकडे आहे. देवगडच्या या बाजूला आंब्याच्या पेट्या, शेणखत, जांभ्या दगडाचे चिरे, वेळप्रसंगी शेजाऱ्याची मासळी, सगळं तिने वाहिलंय. गाडी सांभाळायच्या ज्या गोष्टी लोक सांगतात त्या बहुतेक देशावरच्या कोरड्या हवेतल्या. तिथे इंजिन ऑइल आणि एअर फिल्टर वेळेवर बदलला की निम्मं काम झालं. आपल्याकडे तसं नाही. मीठ हवेतली ओल धरून ठेवतं, त्यामुळे लोखंड पुरतं सुकतच नाही, आणि ओल्या लोखंडाला मीठ मिळालं की गंज दुप्पट जोराने धावतो. म्हणून या लेखाचा क्रम खालून वर आहे. आधी चेसिस, मग ब्रेक, मग वायरिंग आणि सर्वांत शेवटी इंजिन. टाटा २०७ असो, बोलेरो पिकअप असो की छोटा हत्ती, क्रम तोच.

जागा, हत्यारं आणि चिऱ्याचा मोह

हत्यारं फार लागत नाहीत. १० ते १९ पर्यंतचे रिंग पाने आणि फिक्स पाने, गोटी पान्याचा एक सेट, पक्कड, दोन पेचकस, तारेचा ब्रश, ग्रीस गन, आणि एक साधा मल्टिमीटर. मल्टिमीटरला नवीन माणूस घाबरतो, पण किनाऱ्यावर त्याच्याइतकं उपयोगी हत्यार दुसरं नाही. ते पुढे येईलच. गंजलेले नट सोडवायला डब्ल्यूडी-४० सारखा स्प्रे हवा. तो आदल्या संध्याकाळी मारून ठेवायचा. मारला आणि लगेच पाना लावला तर त्याचा काही उपयोग नाही. नट सोडवताना आधी केसभर आवळायचा, 'टक' झालं की मग उलटा फिरवायचा. सरळ उलट जोर लावलात तर बोल्टची मान तुटते आणि अर्ध्या तासाचं काम दोन दिवसांचं होतं.

आता जॅक. खळ्यातली, म्हणजे अंगणातली, सारवलेली जमीन जॅकखाली बसते, म्हणून खाली जाड फळी घ्या. ज्या चाकांना हात लावायचा नाही त्यांना पुढून-मागून गुटके लावा. आणि एवढं तरी ऐका: उचललेल्या गाडीखाली टेकू म्हणून चिरा लावू नका. अंगणात चिऱ्यांचा ढीग असतो, हात आपोआप तिकडे जातो. चिऱ्यावर घर उभं राहतं, कारण भार सगळीकडून सारखा दाबतो. ॲक्सलची कड मात्र बोटभर जागेवर टेकते आणि जांभा मधोमध फुटतो, तोही न सांगता. माझा फुटला तेव्हा मी चहाला आत गेलो होतो. दुसऱ्याच दिवशी लोखंडी जॅक स्टँडची जोडी आणली. स्टँड नसतील तर फणसाच्या किंवा ऐनाच्या लाकडाचे रुंद ठोकळे आडवे-उभे रचा. नुसत्या जॅकवर उचललेल्या गाडीखाली डोकं घालायचं नाही, पाच मिनिटांसाठीही नाही.

गोड्या पाण्याची आंघोळ

सगळ्यात स्वस्त आणि सगळ्यात दुर्लक्षित काम हेच. आपण गाडी वरून धुतो आणि खालून विसरतो. मासळीची फेरी झाली की त्याच दिवशी, नाहीतर पंधरवड्यातून एकदा, पाइप लावून खालून धुवा: चेसिसच्या आतल्या कडा, मागच्या चाकांच्या कमानी, डिझेल टाकीचे पट्टे, स्टेपनीचा पिंजरा. पाणी मात्र गोडं हवं. किनाऱ्यालगतच्या बऱ्याच विहिरी एप्रिल-मेमध्ये मचूळ होतात. त्या पाण्याने धुणं म्हणजे मिठावर मीठ.

तांबडी माती हा दुसरा शत्रू. ती चेसिसच्या खोबणीत भरते आणि स्पंजासारखी ओल धरते. चेसिसला आणि दरवाजांच्या तळाला निचऱ्याची भोकं असतात. ती तारेने मोकळी करा. दरवाजा हलवल्यावर आत पाणी डुचमळल्याचा आवाज आला तर भोक बुजलंय हे नक्की.

मासळी वाहणाऱ्यांसाठी एक जुगाड. बर्फाचं खारट पाणी हौद्याच्या (माल भरायच्या मागच्या भागाच्या) सांध्यांतून नेमकं मागच्या ॲक्सलवर आणि ब्रेकच्या लोखंडी नळ्यांवर ठिबकतं. हौद्यात जाड शीट अंथरून पाणी एका कोपऱ्याला येईल असा उतार द्या, तिथे रबरी नळी बसवा आणि नळीचं तोंड डब्यात सोडा. डबा वाटेत नाही, मुक्कामावर रिकामा करायचा. रस्त्यावर ते पाणी सांडलं की मागच्या दुचाकीवाल्याचा जीव जातो.

गंज दिसला तर घाबरून लगेच रंग फासू नका. धुवा, दोन दिवस कडक उन्हात सुकू द्या, पापुद्रे तारेच्या ब्रशने खरवडा आणि पेचकसाच्या टोकाने टोचून बघा. टोक आत गेलं नाही तर वरवरचा गंज आहे. त्यावर गंज थांबवणारं फॉस्फोरिक आम्लाचं द्रावण, मग रेड ऑक्साइडचे दोन हात, मग काळा रंग. या कामाचे दिवस नोव्हेंबर ते फेब्रुवारी. टोक आरपार गेलं, विशेषतः पाट्याच्या हँगरपाशी किंवा स्टिअरिंग बॉक्स बसतो तिथे, तर गाडी वेल्डरकडे. चेसिसचं वेल्डिंग घरी शिकायचं काम नाही. वेल्डिंगआधी बॅटरीच्या दोन्ही वायरी काढायला सांगा, नाहीतर अल्टरनेटर (बॅटरी चार्ज करणारं यंत्र) आणि नव्या गाड्यांचा ईसीयू (इंजिनाचा संगणक) जातो.

जळकं ऑइल खालून फासण्याची आपल्याकडे जुनी रीत आहे. मला ती पटत नाही. गंज थोडा थांबतो हे खरं, पण रबरी बुश फुगतात, धूळ चिकटून थर बसतो आणि पहिल्या पावसात ते ऑइल खळ्यातून विहिरीच्या दिशेने निघतं. त्यापेक्षा चेसिसच्या पोकळीत मारायचं गंजरोधक मेण घ्या. हौदा किंवा फाळका (हौद्याची उघडणारी बाजू) लाकडी असेल तर त्याला काजूच्या टरफलांचं तेल द्या, होडीला देतात तेच. हातमोजे मात्र घाला. कातडीला लागलं तर फोड येतात.

ग्रीस, पाटे आणि ती 'टक'

जुन्या पिकअपला ग्रीसचे निप्पल (ग्रीस भरायची तोंडं) बरेच असतात: प्रोपेलर शाफ्टच्या, म्हणजे मागच्या चाकांकडे जोर नेणाऱ्या दांड्याच्या, क्रॉसला (सांध्याला), पाट्यांच्या शॅकलपिनांना, पुढच्या सांध्यांना. कुठे किती ते गाडीच्या पुस्तिकेत असतं. पुस्तिका हरवली असेल तर मिस्त्रींबरोबर एकदा खाली जाऊन प्रत्येक निप्पलला पांढऱ्या रंगाचा ठिपका द्या. ठिपके मोजले की एकही सुटत नाही.

निप्पल आधी फडक्याने पुसायचा, नाहीतर बाहेरची माती तुम्हीच दाबून आत घालता. मग गन लावून जुनं काळं ग्रीस कडेने बाहेर येईपर्यंत आणि त्यामागून नवं दिसेपर्यंत दाबायचं. येतच नसेल तर निप्पल तुंबलाय. काढून डिझेलमध्ये भिजवा, किंवा बदला, काही रुपयांची वस्तू आहे. उन्हाळ्यात मी महिन्याने ग्रीस देतो. पावसाळ्यात पंधरवड्याने, आणि कॉजवेवरच्या पाण्यातून गाडी गेली तर त्याच आठवड्यात.

रिव्हर्समधून पहिल्या गिअरमध्ये टाकताना खालून 'टक' ऐकू आली तर बहुतेक क्रॉस झिजलाय. गाडी सपाटीवर लावा, चाकांना गुटके लावा, न्यूट्रल करा आणि शाफ्ट हाताने पिळून बघा. क्रॉसमध्ये ढिलाई हाताला कळते.

पाट्यांवर तिरकी तांबडी रेघ दिसली की तिथे चीर असू शकते. पाटे ॲक्सलला आवळणारे यू-बोल्ट नवे बसवले असतील तर दोन-तीनशे किलोमीटरनंतर पुन्हा आवळा, कारण पाटे बसले की ते सैल होतात. हे सांगायला गॅरेजवाले विसरतात.

ब्रेक: इथे घाई नको

आपली गाडी कधी ना कधी घाट उतरतेच. कोल्हापूरला जा नाहीतर पुण्याला, करूळ, फोंडा, आंबा, कुंभार्ली यांपैकी एक वाटेत आहेच. म्हणून ब्रेकचं काम नवशिक्याने अर्धं स्वतः करावं आणि अर्धं मिस्त्रींवर सोडावं.

स्वतः करायचं ते असं. ब्रेक ऑइलची पातळी दर आठवड्याला बघा. लायनर (ब्रेकच्या घासणाऱ्या पट्ट्या) झिजतात तशी ती हळूहळू उतरते, पण एकाएकी उतरली तर कुठेतरी गळती आहे. चारही चाकांच्या आतल्या बाजूने बघा. मागच्या ड्रमखालून ओला काळपट ओघळ आला असेल तर व्हील सिलिंडर गळतोय. मागच्या ॲक्सलवरून जाणाऱ्या लोखंडी नळ्यांवर बोट फिरवा. खडबडीत फोड लागले तर नळी बदलायची. रंग मारून ती वाचत नाही.

ब्रेक ऑइल हवेतलं पाणी शोषतं आणि कोकणच्या हवेत त्याला पाण्याची कमतरता नाही. डॉट ३ ऑइल नवं असताना निदान २०५ अंशांना उकळतं, ओल धरल्यावर ती मर्यादा १४० अंशांपर्यंत खाली येते. भरल्या गाडीने घाट उतरताना ब्रेक तापले की त्यात वाफेचे बुडबुडे होतात आणि पेडल थेट खाली जातं. त्यामुळे दर दोन वर्षांनी ऑइल बदला. डॉट ३ घ्यायचं की डॉट ४ ते ब्रेक ऑइलच्या टाकीच्या झाकणावर वाचून घ्या, आणि उघडा राहिलेला जुना डबा वापरू नका.

ब्रेकच्या नळ्यांतली हवा काढायला दोघं लागतात. मास्टर सिलिंडरपासून (पेडलने दाबला जाणारा ब्रेकचा मुख्य पंप) सगळ्यांत लांबच्या चाकापासून सुरुवात करायची, पुस्तिकेत वेगळा क्रम असेल तर तो पाळायचा. ब्लीड निप्पलला पारदर्शक नळी लावा, तिचं टोक थोडं ब्रेक ऑइल असलेल्या बाटलीत बुडवा. आतला माणूस पेडल दाबून धरतो, खालचा पाव फेरा निप्पल सोडतो, बुडबुडे येतात, निप्पल आवळतो, मगच आतला पाय उचलतो. बुडबुडे थांबेपर्यंत हेच. ब्रेक ऑइलची टाकी मधेच रिकामी होऊ देऊ नका. बोलण्याचे शब्द आधी ठरवा. मी आणि पुतण्या पहिल्यांदा बसलो तेव्हा मी "सोड" म्हणालो ते निप्पलबद्दल, त्याने सोडला पाय, आणि तासभर आम्ही हवा काढण्याऐवजी आत भरत होतो. आता आमच्यात "दाबलंय" आणि "उचल" एवढे दोनच शब्द चालतात.

ड्रम उघडलात तर आतली भुकटी तोंडाने फुंकू नका. जुन्या लायनरमध्ये ॲस्बेस्टॉस असू शकतं. पाण्याने ओलं करून पुसा. मास्टर सिलिंडर, बूस्टर (पायाचा जोर वाढवणारा) आणि मागच्या ॲक्सलवर लोड सेन्सिंग व्हॉल्व्ह असेल तर तो, हे मिस्त्रींचं काम.

डिझेल वाचवायला उतारावर इंजिन बंद करणारे अजून भेटतात. जुन्या डिझेल गाड्यांत ब्रेक बूस्टरचा व्हॅक्यूम पंप इंजिनावरच चालतो, बहुतेक वेळा अल्टरनेटरच्या पाठीला बसवलेला असतो. इंजिन थांबलं की दोन-तीन दाबांत बूस्टर संपतो आणि पेडल दगड होतं. ज्या गिअरने चढलात त्याच गिअरने उतरा.

पावसात गाडी आठवडाभर उभी राहणार असेल तर हँडब्रेक लावून ठेवू नका, लायनर ड्रमला चिकटतात. गिअरमध्ये ठेवा आणि चाकांना गुटके लावा.

वायरिंग: दोष बहुतेक अर्थिंगचा

इंडिकेटर लावला की मागचा दिवाही मंद लुकलुकतो, हेडलाइट पिवळट, सेल्फ मारला की नुसतं 'कट'. नवशिक्या बॅटरी बदलतो. थांबा. किनाऱ्यावर निम्म्या वेळा बॅटरी चांगली असते आणि अर्थची वायर गंजलेली असते. बॅटरीच्या निगेटिव्हमधून एक जाड पट्टी चेसिसला आणि एक इंजिनाला जाते. तिच्या बोल्टखाली हिरवा-पांढरा थर जमतो.

मल्टिमीटर इथे कामाला येतो. गाडी रात्रभर उभी राहिल्यावर बॅटरी १२.६ व्होल्टच्या आसपास हवी, १२.२ च्या खाली असेल तर ती निम्म्याहून जास्त उतरली आहे. इंजिन चालू असताना १३.८ ते १४.४ दिसलं तर अल्टरनेटर ठीक. आता एक टोक बॅटरीच्या निगेटिव्हला, दुसरं इंजिनाच्या स्वच्छ धातूला लावा आणि कोणालातरी सेल्फ मारायला सांगा. अर्ध्या व्होल्टपेक्षा जास्त दाखवलं तर अर्थची पट्टी खराब आहे. ती सोडवा, दोन्ही बाजू पॉलिश पेपरने चकाकेपर्यंत घासा, आवळा, वरून व्हॅसलीन लावा. बॅटरीच्या टर्मिनलवर पांढरं पीठ साठलं असेल तर कोमट पाण्यात खाण्याचा सोडा घालून धुवा. वायर काढताना निगेटिव्ह आधी, लावताना शेवटी.

उंदीर हा वायरिंगचा वेगळा विषय आहे. पावसाळ्यात मांगरातल्या (बागेतल्या खोपटातल्या) गाडीचं बॉनेट त्यांना ऊबदार घर वाटतं. मी डांबरगोळ्या, तंबाखू, सगळं करून पाहिलं. गाडी दोन दिवसांआड चालू करणं आणि बॉनेट रात्री उघडं ठेवणं एवढ्यानेच फरक पडला. उघड्या बॉनेटमध्ये सकाळी हात घालण्याआधी विजेरीने बघा. उंदरामागे साप येतो.

इंजिन

इथे सांगण्यासारखं कमी आहे, कारण बाकीचे तेच सांगत असतात. ऑइल सपाटीवर, इंजिन बंद करून दहा मिनिटांनी बघा. ऑइल आणि त्याचा फिल्टर पुस्तिकेत दिलेल्या अंतराने बदला. डिपस्टिकवर किंवा गिअरबॉक्समध्ये चहासारखं दुधी ऑइल दिसलं तर पाणी शिरलंय, गाडी चालवू नका.

रेडिएटरचं झाकण गरम असताना उघडू नका. आत विहिरीचं पाणी न घालता तयार कूलंट घाला, नाहीतर डिस्टिल्ड वॉटरमध्ये कूलंट निम्मं-निम्मं. घाटात काटा वर जात असेल तर आधी जाळी बघा. तांबडी धूळ आणि किडे बसून ती बुजते. पाणी इंजिनाच्या बाजूने बाहेर, हलक्या धारेने मारा. प्रेशर वॉशरने पातळ पत्रे वाकतात.

डिझेल फिल्टरखालच्या वॉटर सेपरेटरचा स्क्रू पावसाळ्यात दर आठवड्याला सैल करून पाणी काढा. टाकी रिकामी ठेवू नका, आतल्या ओल्या हवेचं पाणी होतं. डिझेल संपून किंवा फिल्टर बदलून एअर घेतला (डिझेलच्या नळीत हवा शिरली) तर फिल्टरवरचा स्क्रू सैल करा, हँड प्रायमर (हाताने दाबायचा छोटा पंप) दाबत राहा, बुडबुड्यांशिवाय डिझेल आलं की आवळा. मात्र तुमची गाडी जुन्या यांत्रिक पंपाची आहे की कॉमन रेलची, हे आधी विचारा. कॉमन रेलच्या जाड नळ्यांत हजार बारच्या वर दाब असतो. इंजिन चालू असताना तिथला नट सैल केला तर डिझेलची धार कातडी फोडून आत जाते. त्या नळ्यांना हात लावायचाच नाही.

पुराच्या पाण्यात गाडी बुडाली तर सेल्फ मारू नका. सिलिंडरमध्ये पाणी असेल तर ते दाबलं जात नाही आणि कनेक्टिंग रॉड वाकतो. २०२१ च्या जुलैत वाशिष्ठीचं पाणी चिपळुणात शिरलं, तशा पुरात बुडालेल्या गाड्या पुढे विक्रीला निघतात. जुनी गाडी घेताना सीटखाली, फ्यूज बॉक्समागे आणि सीटबेल्ट पूर्ण ओढून त्याच्या शेवटच्या टोकावर गाळाची रेघ आहे का ते बघा.

काढलेलं ऑइल कॅनमध्ये साठवून गॅरेजला द्या. माडाच्या बुंध्यात ओतू नका.

कधी काय

मासळीवाल्यांना १ जून ते ३१ जुलै मासेमारी बंद असते. ड्रम उघडणं, क्लच, अशी मोठी कामं छपराखाली तेव्हा उरकावीत. आंबेवाल्यांनी फेब्रुवारीत ब्रेक आणि कूलंट, मृगाआधी वायपर, टायर आणि वायरिंग. टायरची नक्षी १.६ मिलीमीटरच्या खाली गेली की तो बदलायचा. टायरच्या कडेवर चार आकडे असतात: २३१९ म्हणजे २०१९ च्या तेविसाव्या आठवड्यातला टायर. नक्षी भरपूर असूनही रबराला बारीक चिरा पडलेला जुना टायर भरल्या गाडीला नको. व्यावसायिक नंबरच्या गाडीला आठ वर्षांनंतर फिटनेस दरवर्षी लागतो. ही कामं आणि त्याची तारीख एका वहीत लिहा, म्हणजे पासिंगच्या आदल्या रात्री हँडब्रेक आवळत बसायला नको.

आणि वही मिटण्याआधी स्टेपनी खाली उतरवून बघा. हौद्याखाली टांगलेला तो पिंजरा आणि त्याची साखळी बारा महिने खारा चिखल खात असते. मला ती साखळी अडकलेली कळली करूळ घाटात, रात्री नऊला, पावसात. भुईबावड्याहून येणाऱ्या एका ट्रकवाल्याने हातोडी दिली, साखळी तोडली, आणि खाली आलेल्या स्टेपनीत हवा नव्हती.